कैदी आणि बाहेरचा गरीब: राहणीमानाची तुलना करायची तर काय मोजायचं, कसं मोजायचं

‘कैद्याला बाहेरच्या गरिबापेक्षा चांगलं खायला मिळतं’ हे वाक्य तुरुंगांवरच्या कोणत्याही चर्चेत हमखास येतं. त्यापाठोपाठ एक आकडाही येतो: सरकार एका कैद्यावर वर्षाला अमुक इतकं खर्च करतं. दुसऱ्या बाजूचे लोक मग गर्दीने भरलेल्या बराकीचा फोटो दाखवतात. दोन्हीही तुलना नव्हेत. तुलना करायची तर तेच परिमाण, तशाच माणसांसाठी, त्याच पद्धतीने आत आणि बाहेर मोजावं लागतं. विद्यार्थी, पत्रकार किंवा संस्थेतले कार्यकर्ते हे काम हाती घेतात तेव्हा नेमकं कुठे घसरतं, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

दरडोई खर्चाचा आकडा आधी बाजूला ठेवा

तुरुंग खात्याचं अंदाजपत्रक भागिले कैद्यांची संख्या, असा हा आकडा निघतो. त्यात पगार, निवृत्तिवेतन, पहारा, इमारतींची देखभाल आणि कैद्यांची न्यायालयात ने-आण असं सगळं येतं. नवा टेहळणी मनोरा बांधला की दरडोई खर्च वाढतो, पण ताटात एक घासही जास्त पडत नाही. त्याच इमारतीत दीडपट माणसं कोंबली की दरडोई खर्च खाली येतो आणि कागदावर ती काटकसर दिसते.

खर्च वापरायचाच असेल तर कैद्याच्या अंगापर्यंत पोहोचणाऱ्या बाबीच उचला: कोरडा शिधा, भाजी-दूध, स्वयंपाकाचं इंधन, कपडे-अंथरूण, साबण, औषधं. डॉक्टरचा पगार आत धरला तर बाहेरच्या गरिबाच्या बाजूलाही सरकारी दवाखान्याचा दरडोई खर्च धरा. शाळा, पाणी आणि अनुदानित धान्य यांनाही हाच न्याय. एका बाजूला सरकारी सेवा मोजायची आणि दुसऱ्या बाजूला फक्त खिशातला पैसा, ही चूक इतकी सर्रास होते की छापून आलेली अर्धीअधिक कोष्टकं तिच्यामुळेच बाद ठरावीत.

याउपर भावाचा घोळ उरतोच. तुरुंग निविदा काढून पोत्याने खरेदी करतो. गरीब कुटुंब पाव किलोच्या पुड्या आणतं. त्याच पैशात दोघांच्या हाती वेगवेगळं वजन येतं. म्हणून पैशाचं रूपांतर शक्य तितक्या लवकर किलो, लिटर आणि चौरस मीटरमध्ये करून टाका.

‘गरीब’ म्हणजे कोण?

निष्कर्ष बहुतेक वेळा इथेच ठरून जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये हाच वाद पेटला होता, तेव्हाचं एक कोष्टक आजही डोळ्यांपुढे ठेवावं. आठवड्याला मिळणारी एकूण पोषणद्रव्यं त्यात औंसांत मांडली होती: पोर्टलंडच्या तुरुंगातला कैदी १८३.६९, शेतमजूर १३९.०८, सैनिक १४३.९८, छापखान्यातला खिळे जुळवणारा (कंपोझिटर) १२५.१९, घोडागाड्या बांधणारा कारागीर १९०.८२. शेतमजुराशेजारी कैदी ठेवला तर तुरुंग चैनीचा वाटतो, गाडीकाराशेजारी ठेवला तर तोच तुरुंग हात आखडणारा वाटतो. नायट्रोजनयुक्त द्रव्यं, म्हणजे आजच्या भाषेत प्रथिनं, वेगळी काढली तर कैद्याचे २८.९५ आणि शेतमजुराचे १७.७३ औंस, म्हणजे तफावत आणखी रुंदावते. आणि पोर्टलंडचे कैदी दगडाच्या खाणीत राबत होते, ही गोष्ट कोष्टकात कुठेच दिसत नाही.

यातून तीन कामं निघतात.

पहिलं, वय आणि लिंग जुळवा. जगभरात दहातले नऊहून अधिक कैदी पुरुष आहेत आणि बहुतेक तरुण किंवा मध्यमवयीन. बाहेरच्या गरीब कुटुंबात मात्र लहान मुलं आणि म्हातारी माणसंही असतात. कुटुंबाचा खप भागिले माणसं केलं की दर माणशी आकडा खाली येतो आणि कैदी आपोआप खाऊनपिऊन सुखी ठरतो. हे टाळायला प्रौढ-तुल्य प्रमाण वापरा. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या सुधारित मापात पहिल्या प्रौढाला १, पुढच्या प्रत्येक प्रौढाला ०.५ आणि मुलाला ०.३ असा भार आहे. पण हे माप उत्पन्नासाठी आहे. दोन माणसांनी एक छप्पर वाटून घेता येतं, एक भाकरी दोघांच्या पोटात पूर्ण जात नाही. अन्नासाठी वय आणि लिंगानुसार उष्मांकाच्या गरजेचं प्रमाण घ्या.

दुसरं, श्रम जुळवा. अन्न व कृषी संघटना (एफएओ), जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ च्या अहवालात बैठ्या जीवनासाठी शारीरिक हालचालीचा गुणांक (दिवसभराची ऊर्जा भागिले निव्वळ पडून राहायला लागणारी ऊर्जा) १.४० ते १.६९, मध्यम श्रमांसाठी १.७० ते १.९९ आणि जड कामासाठी २.०० ते २.४० धरला आहे. दिवसाचे वीस तास कोंडलेला माणूस आणि डोक्यावर पाट्या वाहणारा मजूर यांना सारखेच उष्मांक मिळत असतील तर त्यांचं पोषण सारखं नसतं. कोष्टकात ‘मिळालेले उष्मांक’ आणि ‘गरजेच्या किती टक्के’ असे दोन रकाने ठेवा. मथळा दुसऱ्या रकान्यावरून द्या.

तिसरं, बाहेरची आकडेवारी कोणाला वगळते ते पाहा. घरोघरी होणारी पाहणी तुरुंग, वसतिगृहं आणि निवारे यांत शिरत नाही. रस्त्यावर झोपणारे तिच्यात क्वचितच सापडतात. म्हणजे बाहेरच्या ‘सर्वांत गरीब दहा टक्क्यां’मध्ये सर्वांत हलाखीचे लोक नसतातच, आणि तुरुंगात येणाऱ्यांपैकी बरेचजण नेमके त्यांच्यातून येतात.

बाहेरचा सर्वांत जवळचा जोडीदार हवा असेल तर दाखल होण्याआधीचा तोच कैदी घ्या. दाखल होताना वैद्यकीय नोंदवहीत वजन लिहितात. सहा महिन्यांनी तोच काटा, सकाळची वेळ, तेवढेच कपडे, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) १८.५ च्या खाली, म्हणजे कमी वजनाचे, किती जण आहेत याची मोजणी, एवढ्यावर बरंच कळतं. पण जे सहा महिन्यांत सुटले, हलवले गेले किंवा दगावले, ते दुसऱ्या मोजणीत नसतात. त्यांची दाखल वजनं वेगळी काढून मागे राहिलेल्यांशी ताडून पाहा. फार फरक असेल तर ‘वजन वाढलं’ हा निष्कर्ष निव्वळ गळतीचा असू शकतो.

अन्न: नियमपुस्तिका नको, तराजू हवा

तुरुंगाचा शिधा नियमात ग्रॅमपर्यंत लिहिलेला असतो. बाहेरच्या गरिबासाठी असं पुस्तकच नसतं. म्हणून निष्काळजी तुलनेत आतला नियम आणि बाहेरची वस्तुस्थिती समोरासमोर येतात, आणि नियम जिंकतो. एक तर दोन्हीकडचा कागद घ्या (आतला शिधा, बाहेरचा रेशनचा हक्क) किंवा दोन्हीकडचं ताट.

ताट मोजायचं तर कोठारापासून सुरुवात करा. सकाळी कोठारातून निघालेलं कच्चं वजन आपल्या डोळ्यांसमोर तोला. निवडून, सोलून उरलेलं पुन्हा तोला. शिजल्यानंतरचं वजन उष्मांकासाठी वापरू नका, कारण पाण्याचं वजन त्यात मिसळलेलं असतं. पातळ डाळीची बादली जड भरते, पोटात जाते थोडी. पंगत उठल्यावर उरलेलं आणि टाकलेलंही तोला. जेवणारी डोकी स्वतः मोजा, हजेरीवरून घेऊ नका: रात्री आलेले, न्यायालयातून उशिरा परतलेले आणि इस्पितळात असलेले यांच्यामुळे हजेरी आणि पंगत जुळत नाही.

एक हिशेब करून पाहू. नोंद अशी आहे: ५०० कैदी, २५० किलो धान्य, माणशी ५०० ग्रॅम. धान्याचे १०० ग्रॅमला साधारण ३५० उष्मांक धरले तर कागदावर माणशी १,७५० झाले. प्रत्यक्षात निवडताना १० किलो कोंडा-खडे गेले आणि पंगतीला ५४० जण बसले. २४० किलोंचे ८,४०,००० उष्मांक भागिले ५४०, म्हणजे माणशी सुमारे १,५५५. धान्याच्या एकाच ओळीत रोजचे जवळपास दोनशे उष्मांक गळाले, आणि अजून कुणी चोरीही केलेली नाही.

एकच दिवस तोलू नका. पाहणीच्या पहिल्या दिवशी स्वयंपाक कुठेही चांगलाच होतो. सलग किमान सात दिवस घ्या, त्यात आठवडी सुट्टी येऊ द्या, आणि पहिला दिवस हिशेबातून वगळला तर चित्र किती बदलतं ते पाहा. फार बदलत असेल तर तेच लिहा.

उष्मांक भरले म्हणजे अन्न भरलं असंही नाही. तुरुंगाचं अन्न नियमित असतं, पण एकसुरी. पांढऱ्या तांदळावर भिस्त असलेल्या बंदिस्त संस्थांमध्ये थायामिनच्या (ब-१ जीवनसत्त्वाच्या) अभावाने होणाऱ्या बेरीबेरी रोगाच्या साथी आल्याची नोंद आहे. विविधता मोजायला अन्नगटांची मोजणी वापरा: १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठीच्या प्रचलित निर्देशांकात दहापैकी किमान पाच गट २४ तासांत पोटात जावे लागतात. स्त्रियांसाठी बनवलेला हा निर्देशांक पुरुष कैद्यांवर लावताना पास-नापास ठरवू नका, दोन्हीकडच्या गटांची संख्या नुसती शेजारी ठेवा. बाहेरच्या गरिबाच्या बाजूला मात्र उलट रोग असतो: एका दिवशी सहा गट, दुसऱ्या दिवशी दोन. सरासरीत हे लपतं, म्हणून ‘वर्षातल्या किती दिवशी एक जेवण चुकलं’ हा प्रश्न दोन्हीकडे विचारा. आतल्या बाजूचं उत्तर बहुधा शून्याजवळ येईल. ते तसंच मांडा, लपवू नका. नियमितपणा हा तुरुंगाच्या अन्नाचा खरा फायदा आहे.

बाहेरचं अन्न मोजताना सात दिवसांच्या आठवणीवर घेतलेल्या मुलाखतीत घराबाहेर खाल्लेलं हमखास सुटतं: कामावरचा चहा-नाश्ता, शाळेतलं जेवण, लग्नकार्य, शेजाऱ्याने दिलेलं. वेगळा प्रश्न विचारल्याशिवाय लोक ते सांगत नाहीत.

जागा: चौरस मीटर आणि तास

मोजपट्टी घेऊन आतल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत मापा. खोलीतलं शौचालय वजा करा. खाटा, कपाटं वजा करायची नाहीत. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१६ च्या मुर्शिच विरुद्ध क्रोएशिया निकालात हीच पद्धत सांगितली आणि सामायिक कोठडीत माणशी ३ चौरस मीटरपेक्षा कमी जागा असेल तर अमानुष वागणुकीचं जोरदार गृहीतक धरलं. युरोपची छळ-प्रतिबंधक समिती सामायिक कोठडीत माणशी ४ आणि एकट्याच्या कोठडीत ६ चौरस मीटर मागते. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीची शिफारस सामायिक जागेत ३.४ ची आहे. आपत्तीनंतरच्या निवाऱ्यासाठीचं स्फिअर मानक ३.५ आहे, त्यात स्वयंपाकाची आणि न्हाणीची जागा धरलेली नाही. कैद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे नेल्सन मंडेला नियम (२०१५) जागेचा आकडा देतच नाहीत. त्यांच्या नावावर कुणी चौरस मीटर खपवत असेल तर सावध व्हा.

समजा, बराक ८ बाय ६ मीटर, म्हणजे ४८. शौचालयाचे ३ वजा, उरले ४५. त्यात २० माणसं, म्हणजे माणशी २.२५. शेजारच्या वस्तीत ३ बाय ३ मीटरच्या खोलीत पाच जण, माणशी १.८. झालं, कैदी जिंकला? बराकीला संध्याकाळी कुलूप लागतं ते सकाळी उघडतं, दुपारी पुन्हा बंदी. दिवसाचे १८-२० तास आत. वस्तीतल्या खोलीत माणूस झोपेपुरता असतो; ओटा, गल्ली, चौक हेच त्याचं दिवसाचं घर. म्हणून जागेच्या प्रत्येक आकड्याशेजारी ‘किती तास’ लिहिलंच पाहिजे. मंडेला नियमांत बाहेर काम न करणाऱ्याला रोज किमान एक तास मोकळ्या हवेचा आहे. तेवढाच पाळला जात असेल तर तास २३ धरा. दोन्हींचा भागाकार करून एकच निर्देशांक बनवायचा मोह होतो. तो आवरा: निम्म्या जागेत निम्मे तास हे पुऱ्या जागेत पुऱ्या तासांबरोबर असतं, असं मानायला काहीच आधार नाही.

उंची आणि खिडक्याही मापा, कारण कोंडलेल्या हवेतूनच क्षयरोग पसरतो आणि तुरुंगांमधलं त्याचं प्रमाण बाहेरच्या कित्येक पट असतं.

पाण्याला फार वेळ लागत नाही. २० लिटरची बादली नळाखाली ठेवा आणि ती भरायला लागणारा वेळ घ्या. दोन मिनिटं लागली, नळ दिवसाला तीन तास येतो आणि त्यावर ९० माणसं आहेत, तर माणशी २० लिटर. स्फिअरचं किमान १५ आहे. बाहेर खेपा गुणिले भांड्याचं माप, आणि खेपेला लागणारा वेळ. जाऊन-येऊन ३० मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर ती सेवा ‘मूलभूत’ धरत नाहीत. शौचालयाला माणसं किती, हे दोन्हीकडे सकाळच्या गर्दीच्या वेळी मोजा, आणि तुंबलेलं शौचालय मोजू नका.

आरोग्य: मृत्युदर सर्वांत फसवा

अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २००७ मध्ये राज्य तुरुंगांतल्या मृत्यूंचा अहवाल काढला. १५ ते ६४ वयाच्या कृष्णवर्णीय कैद्यांचा मृत्युदर बाहेरच्या कृष्णवर्णीयांच्या निम्म्याहून कमी निघाला. गोऱ्या कैद्यांबाबत तसा फायदा दिसला नाही. आत गोळीबार, रस्ते-अपघात आणि अमली पदार्थांचा अतिरेक कमी असतो, आणि १९७६ च्या एस्टेल विरुद्ध गॅम्बल निकालापासून कैद्याला उपचाराचा घटनात्मक हक्क आहे, जो तिथल्या बाहेरच्या गरिबाला नाही. पण सरसकट ‘तुरुंग आयुष्य वाचवतो’ म्हणण्याआधी दाराबाहेर बघा. वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांवरच्या २००७ च्या अभ्यासात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका सर्वसाधारण लोकांच्या १२.७ पट आढळला.

म्हणून मृत्युदर वापरताना वयानुसार प्रमाणित करा, सुटकेनंतरचं एक वर्ष धरा, आणि मरणासन्न कैद्याला दयेने किंवा जामिनावर सोडण्याची पद्धत आहे का ते विचारा. असेल तर ते मृत्यू तुरुंगाच्या खात्यातून गायब होतात. नुसत्या हक्कावरही जाऊ नका. हक्क जुना होऊनही कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत सुमारे ८०,००० माणसांच्या जागेत १,५६,००० च्या आसपास माणसं भरली होती, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला वैद्यकीय सेवा कोलमडल्याच्या कारणावरून ही संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणण्याचा आदेश कायम करावा लागला. मोजायचं ते असं: तक्रार सांगितल्यापासून डॉक्टर भेटेपर्यंत किती दिवस, आणि लिहून दिलेलं औषध प्रत्यक्ष हातात पडलं का. हेच दोन प्रश्न बाहेरच्या वस्तीत जसेच्या तसे.

आतली श्रीमंती-गरिबी

तुरुंगाची सरासरी काढणारे विसरतात की आतही वर्ग असतात. घरून पैसे येणारा कँटीनमधून खातो, न येणारा त्याचे कपडे धुऊन साबण मिळवतो. टोकाचं उदाहरण बोलिव्हियातलं: ला पाझच्या सान पेद्रो तुरुंगात कोठड्या विकत आणि भाड्याने घेतल्या जात आल्या आहेत. घरून काहीच न येणाऱ्यांचा गट वेगळा काढा. बाहेरच्या गरिबाशी खरी तुलना त्याची आहे.

कँटीनचे भाव पैशात लिहू नका, कामाच्या तासांत लिहा. अमेरिकेच्या संघीय तुरुंगांत नेहमीच्या कामाला तासाला १२ ते ४० सेंट मिळत आले आहेत; साबणाच्या वडीला किती तास, हे काढलं की बाहेरच्या किमान वेतनाशी तुलना चटकन होते. आणि कैद्याला घरून आलेला पैसा त्याच्या बाजूला जमा करताना तो बाहेरच्या एका गरीब कुटुंबाच्या बाजूने वजा करा. नाहीतर तोच रुपया दोनदा मोजला जातो, एकदा आत आणि एकदा बाहेर.

स्वातंत्र्याचं काय करायचं

त्याला गुण देऊन कोष्टकात बसवू नका. वेगळा परिच्छेद द्या आणि मोजता येईल तेवढं लिहा: कुलूपबंद तास, महिन्यातल्या भेटी, फोनची मिनिटं, एकांतकोठडीतले दिवस. दिवसाचे बावीस तास किंवा अधिक, माणसाच्या अर्थपूर्ण संपर्काविना, सलग पंधरा दिवसांच्या वर ठेवणं मंडेला नियमांना मान्य नाही.

‘लोक तुरुंगात जाण्यासाठी मुद्दाम गुन्हा करतात’ हा पुरावा लोक फार आवडीने देतात. जपानमधल्या वृद्ध दुकानचोरांबद्दल तो वारंवार सांगितला जातो. तो खरा असला तरी त्यातून बाहेरच्या म्हाताऱ्याला काय मिळत नाही हे कळतं, आतल्या राहणीमानाची पातळी कळत नाही. तसंच निष्कर्षाच्या दिशेचं. कैद्याची स्थिती सर्वांत गरीब मुक्त माणसापेक्षा बरी नसावी, हा नियम इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने मांडला आणि १८३४ च्या इंग्लिश गरीब कायद्याने तोच वर्कहाउसमधल्या, म्हणजे काम करवून घेणाऱ्या अनाथालयवजा संस्थांमधल्या, गरिबांना लावला. पण बेंथमच्या वाक्याची सुरुवातच जीव, आरोग्य आणि शरीराचं किमान सुख राखून, अशा अटीने होते. उद्धृत करणारे ती अट गाळतात. तुमचं कोष्टक एवढंच सांगू शकतं की एका बाबतीत कोण वर आहे. वरच्याला खाली आणायचं की खालच्याला वर, हा निर्णय कोष्टकात घुसवलात तर आकडेही संशयास्पद वाटू लागतात.

लिहिताना

प्रत्येक बाबीची एक ओळ ठेवा: आतला आकडा, बाहेरचा आकडा, लागू असलेलं किमान मानक, मोजणीचा महिना, मोजणारा कोण. एकत्रित गुणांक काढू नका; अन्नात आत पुढे आणि जागेत मागे, हीच माहिती त्यात पुसली जाते. महिना महत्त्वाचा, कारण हंगामी मजुराचं पोट सुगीत आणि सुगीआधीच्या महिन्यांत सारखं नसतं, तर तुरुंगाचा शिधा वर्षभर तोच. सुगीत केलेली तुलना बाहेरच्याला झुकतं माप देते, टंचाईतली आतल्याला. वर्षातून दोनदा मोजता येत नसेल तर निदान महिना शीर्षकातच द्या. आणि ‘मोजणारा कोण’ या रकान्यात तुरुंग प्रशासनाचं नाव असेल, तर त्या ओळीला वेगळा रंग द्या.